सावदा, चेंबर नंबर दोन

तीन बँड मोडले. शेवटचा पुण्यात,
ॲम्पच्या हप्त्यांवरून.
कुंदन भारंबे सावद्याला परतला
आणि काकाच्या बंद पडलेल्या रायपनिंग चेंबरात
भिंतींना गाद्या लावून बसला.

ड्रम त्याचेच. बासही तोच.
क्लॅरिनेट लग्नाच्या बँडातल्या युसूफचाचांचं,
एक चावी दोऱ्याने बांधलेली.

प्रत्येक गाण्याआधी ओरडतो :
एक दोन तीन चार!
जुनी खोड.
कोणासाठी रे?
तर म्हणे, ड्रमवाला उशिरा उचलतो भो.

आठ गाणी. शिवी एकातही नाही.
सातव्यात मोजून झाल्यावर
बराच वेळ कोणी वाजवतच नाही;
बाहेर केळीचा ट्रक रिव्हर्स येतोय,
क्लीनर पत्र्यावर थापा मारतोय, येऊ दे, येऊ दे.

ते त्याने काढलं नाही.