अंधारखातं

भूल द्यायच्या आधी तिनं मला विचारलं,
दिवे कधी घालवणार?
बाकी सगळे विचारतात, दुखेल का.

बर्नाडीन वोयतासिक, वय एक्क्याऐंशी,
डावा स्तन, वरची बाहेरची बाजू, चौदा मिलिमीटर.
बाहेर रॉचेस्टरमध्ये मार्चचा बर्फ काळा पडलेला.

एकतीस वर्षं फिल्मच्या कारखान्यात होते, म्हणाली,
अंधारखात्यात. डोळ्यात बोट गेलं तरी दिसू नये असा काळोख.
चालताना आम्ही शीळ घालायचो,
वळणावर कुणी कुणावर आदळू नये म्हणून.
प्रत्येकीची वेगळी. माझी दोन आखूड, एक लांब.
थेकला वारली त्या आठवड्यात
तिच्या वळणावर आम्ही सगळ्या उगाच थांबायचो.

हिरव्या कुपीकडे बोट केलं तिनं.
हा आमच्याकडचाच की.
तांबड्याच्या पलीकडचं दिसावं म्हणून
फिल्मला जे पाजायचे, त्यांच्या भावकीतला.
किती टिकतो?
रक्तात गेला तर चार मिनिटांत निम्मा, मी म्हटलं,
मग यकृत गोळा करतं, पित्तातून बाहेर.
ती हसली. आम्ही तर लोकांच्या लग्नांना
शंभर वर्षं द्यायचो.

मग भूल.

डॉक्टर ओयेलारननी थोडासा रंग टोचला, वरून चोळला,
पोराचा आपटलेला गुडघा चोळतात तसा,
आणि म्हणाल्या, दिवे.

खरं सांगायचं तर जे उजळतं ते कुणालाच दिसत नाही.
आठशे तीस नॅनोमीटर. आपला डोळा
सातशेच्या पुढे दार लावून घेतो.
पडद्यावरचा हिरवा आमचा, यंत्राला शिकवलेला,
निळाही चालला असता.
पण कातडीखालून एक ओहोळ निघाला,
मध्येच अडखळला, पुन्हा निघाला
काखेकडे,
आणि तिथे घेवड्याच्या दाण्याएवढी एक गाठ.
पेटली असं नाही म्हणणार मी.
बंद दाराआड कुणीतरी आहे हे कळतं, तशी कळली.

ही पहारेकरी. काही शिरलं असेल
तर आधी हिच्यात.

गाठ बरणीत. बरणीवर नाव.
वोयतासिकची अक्षरं दोनदा तपासली.
उत्तर गुरुवारी.

दिवे लावायला मी जरा उशीर केला.
मास्कच्या आत ओठ गोल झाले होते,
दोन आखूड, एक लांब.
आवाज नाही आला, नुसती हवा,
चष्म्यावर वाफ धरली.

संध्याकाळी घोगऱ्या आवाजात:
दिसली?
दिसली.
फिल्म कुठाय?
फिल्म नसते हो आता.
बराच वेळ छताकडे बघत राहिली.
अंधार तरी पुरता केला होतात?
जमेल तेवढा. दाराखालून फट होती थोडी.

तिथे टॉवेल लावायचा, म्हणाली,
आणि कूस वळली.