डावीकडं घे

रात्री पावणेदहाला ट्रक निघतो.
खरा नव्हे, मोबाईलमधला,
निळ्या केबिनचा, मागं कांद्याची पोती,
आणि रस्ता आमच्या भिवघाटापेक्षा वाईट.
स्टिअरिंग प्रज्योतकडं, इथं विट्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.
नकाशा ह्यांच्याकडं,
तिकडं सेलममध्ये, आटणीच्या दुकानात, शटर अर्धं ओढून.

लग्नाला सोळा वर्षं झाली.
त्यातली एकत्र किती, ते मी एकदा
कॅलेंडरच्या पाठीवर मोजलं होतं.
तीन भरतात, ओढूनताणून.
फोन मात्र रोज.
जेवलीस का. जेवले.
पोरगं. झोपलं.
पाऊस. नाही.
बरं, ठेवतो.
ह्यांचं बोलणं असं, मुशीतून आटून आलेलं,
कसाला खरं, पण गुंजभर.

प्रज्योतला मी आधी बदडलंय, खोटं कशाला सांगू.
चार्जर ज्वारीच्या पिठात लपवला.
डोळे जातील, डोकं जाईल, दहावी जाईल,
शाळेतल्या बाई म्हणाल्या ते सगळं त्याला ऐकवलं.
मग एका रात्री भांडी विसळताना
मोबाईलमधनं ह्यांचा आवाज आला,
"दमानं घे. पुढं वळण हाय. मी बघतोय ना."

मी बघतोय ना.
नळ तसाच वाहत राहिला.
आणि जे पोरगं बापासमोर
पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायचं, ते म्हणालं,
"पप्पा, तुम्ही नकाशा उलटा धरलाय."
"व्हय की रं," बाप म्हणाला.
ट्रक दरीत गेला.
दोघं खदखदून हसले, आणि ट्रक पुन्हा वर आला.
एवढी एक सोय आमच्या जगात नाही.

गणितात अकरा पडले, हे त्यानं घाटात सांगितलं,
दोन्ही हात गुंतलेले, बापाचं तोंड दिसत नव्हतं, तेव्हा.
"अकरा? बरं. गिअर टाक."
चढ संपला, सपाट रस्ता लागला,
मग हे हळूच म्हणाले, "मला सहावीत नऊ होते."

ह्यांच्या बोटांचे ठसे तेजाबानं खाल्लेत.
रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत,
बँकेतला पोरगा चार चारदा अंगठा पुसायला लावतो.
पण त्या काचेला ह्यांचं बोट कळतं.
बोट ठेवलं की इकडं नकाशावर ठिपका लुकलुकतो.
मी तो ठिपका बघत बसते.

नंतर मलाही घेतलं. आधी मागं, कांद्यावर बसायला.
मग एकदा प्रज्योतचा पेपर होता, तर स्टिअरिंगवर.
मी, जिला सायकलसुद्धा येत नाही.
तीनदा नदीत घातला ट्रक.
कटकवरनं हिंदूरावांची सून येते पिवळा ट्रक घेऊन,
त्रिचूरवरनं दोघं भाऊ, एक कुणीतरी सिलीगुडीचं.
गल्लीत ज्यांच्या दारांना कुलपं आहेत
ती माणसं त्या घाटात भेटतात,
दिवे मारतात, हॉर्न देतात,
"काय वहिनी, पुन्हा नदीत का?"

दसऱ्याला हे आले.
पालख्या पळाल्या, सोनं वाटून झालं,
आणि घरात पुन्हा तेच. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला,
पेपर तीनदा वाचलेला.
जेवलीस का. जेवले.
मला वाटलं, हे सगळं त्या काचेपुरतंच होतं.

पावणेदहा वाजले.
कुणी काही बोललं नाही.
प्रज्योतनं मोबाईल काढला, मग ह्यांनी, मग मी पदराला हात पुसले.
एकाच कॉटवर तिघं, गुडघ्याला गुडघा,
आणि समोर तोच रस्ता.
आवाज दोनदा येत होता,
एकदा मोबाईलमधनं, एकदा शेजारून,
त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास.

"डावीकडं घे," हे म्हणाले.

मी जरा सरकून बसले.
"तू नव्हे गं," हे म्हणाले, "ट्रक."
पण तोवर ते टेकले होते.