विरजण

एकतीस जुलैच्या रात्री बारा वाजता
माझं विद्यापीठाचं कार्ड मेलं.
सकाळी डंडीतल्या माझ्या ओल आलेल्या स्वयंपाकघरात बसून
मी माझाच लेख उघडायला गेले,
तर पडद्यावर आकडा :
बत्तीस पौंड. चोवीस तासांसाठी.

लेख टे नदीच्या गाळाचा.
चार हिवाळे इन्व्हरगाउरीच्या चिखलात
ओहोटी संपायच्या आत नळ्या भरायच्या,
पाणी मागून कधी येईल याचा नेम नाही.
एक बूट तिथेच राहिला. अजून असेल.
पगार सरकारी, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचाही.
ती विचारते, काय सापडलं गं तुला त्या चिखलात?
मी पाव घेते, सुटे पैसे मोजत बसते.

आकडेमोड आधी विकतच्या सॉफ्टवेअरवर होती.
मोरॅगनं, प्रयोगशाळेच्या त्या तुटक बोलणाऱ्या बाईनं,
सगळी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं लिहायला लावली.
"उद्या तू इथे नसशील. मीही नसेन.
फाइल उघडली पाहिजे."
तीन आठवडे गेले. मी तिच्याशी धड बोलले नाही.

नोव्हेंबरात सिरोंच्याहून मेल आला,
वैजयंती आत्राम, एम.एस्सी. दुसरं वर्ष :
मॅडम, प्राणहितेच्या गाळावर काम करतेय,
तुमचा लेख कॉलेजला परवडत नाही,
मागायला संकोच वाटतो.
अगं, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?
पाठवून दिलं सगळं : छापण्याआधीचा मसुदा, कोड,
चारही हिवाळ्यांचे आकडे,
बूट हरवल्याच्या दिवसाची नोंदसुद्धा.
इथे आले त्या पहिल्या थंडीत
खालच्या मजल्यावरच्या नसरीन आपांनी
असंच चमचाभर विरजण दिलं होतं वाटीत.
त्यांचं पातेलं काही रितं झालं नाही.

नऊ दिवसांनी उत्तर :
आमच्या नदीला भरती-ओहोटी नाही,
म्हणून दोनशे चौदावी ओळ काढायला गेले.
मॅडम, रागावू नका,
तिथलं वजाचं चिन्ह उलटं आहे.

रात्रभर तपासलं.
दोन संपादक, तीन परीक्षक, आणि मी,
सहा जणांच्या नजरेतून सुटलेलं
त्या पोरीच्या बोटाला लागलं.
उत्तर फार बदललं नाही. पण बदललं.

नियतकालिकाला कळवलंय. "विचाराधीन" म्हणतात.
तोवर चूक तिथे सुखरूप आहे,
कुलपात,
बत्तीस पौंडांना.

माझ्या कोडमध्ये मी ओळ दुरुस्त केली,
शेजारी तिचं नाव लिहिलं, गावासकट.
मोरॅगला कळवलं. तिचं उत्तर एका शब्दाचं :
"बरं."
तिच्या मानानं हे फार झालं.

गॅसवरचं दूध कोमट झालंय का,
बोट बुडवून पाहते.
अजून नाही.