पेव

हरिपूरला आमच्या घरामागं दोन पेवं होती,
एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढी खोल.
हळद भरून तोंड लिंपलं
की वर्ष-दोन वर्षं कुणी बघायचं नाही तिकडं.
उघडायच्या दिवशी सिदगोंडाअण्णा झाकण काढून
लांब जाऊन बसायचे. तास. कधी दोन तास.
मग दोरीनं कंदील आत सोडायचे.
विझला, तर आज नाही.
तेवला, तर माणूस उतरायचा.

मी एकोणनव्वद साली संगणकात उतरलो.
कंदील नव्हता सोडला.

मार्केट यार्डात पारीसशेठच्या अडतीत
पहिलं यंत्र आलं. शेठनी हार घातला,
कुंकू लावलं; हळद लावायची गरज नव्हती,
ती आपोआपच बसायची
कळफलकाच्या फटीत, पंख्याच्या पात्यांवर.
दर शनिवारी मी डबा उघडून
रंगाऱ्याच्या ब्रशनं आतली पिवळी धूळ झाडायचो.
घरी शर्ट धुताना सुमती म्हणायची,
नोकरी कसली करता, रोजच हळदीला जाता.

हमालीच्या चिठ्ठ्या मीच छापायला लावल्या.
नावासाठी वीस जागा ठेवल्या.
जागा महाग होती तेव्हा,
आणि वीस पुरतील असं मला वाटलं
कारण माझं नाव चौदात बसत होतं.

पहिल्या शनिवारी दस्तगीर आला,
दस्तगीर बाबालाल शिकलगार,
खांद्यावर पोतं नसतानाही थोडा वाकलेला.
चिठ्ठी माझ्यापुढं धरली.
दस्तगीर बाबालाल शिकल.
‘साहेब, हे कुणी लिवलं?
ह्या वयात आता काय शिकल दस्तगीर?
आन शिकवल कोण?’
सगळी अडत हसली. तोही हसला.
मी हसलो नाही असं आज म्हणावंसं वाटतं,
पण हसलो.

रात्री बसून वीसाच्या चाळीस केल्या.
बाजूला कुणाला दिसणार नाही अशी एक ओळ लिहून ठेवली:
दस्तगीरसाठी.

त्यानंतर पुष्कळ आलं.
भाषा आल्या, गेल्या. काही मी पोरांना शिकवल्या,
काही पोरांनी मला.
दोन हजार साल उजाडताना मी यार्डात एकटा,
थर्मासमधला चहा, आणि काहीच बिघडलं नाही.
काही न बिघडण्यासाठी सहा महिने जागलो होतो.
हे कुणाला कसं सांगायचं?
सकाळी शेठ म्हणाले, उगाच घाबरवलंत.

पुराच्या साली पाणी यार्डाच्या पायरीला लागलं
तेव्हा मी सर्व्हर डोक्यावर घेऊन जिना चढलो.
चौदा वर्षांचे भाव, तोलाई, पट्ट्या,
सगळं कोरडं राहिलं.
घरी खालच्या कपाटात
रोहिणीच्या लग्नाचा अल्बम होता.
सुमती काही बोलली नाही.
ऊन पडल्यावर एकेक पान सोलून दोरीवर वाळत घातलं.
रंग वाहून गेले होते.
एका फोटोत एक हात राहिला, दुसऱ्या हातात दिलेला.
कुणाचे, ते आम्ही दोघं अजून ठरवतोय.

परवा मिरजेची श्रुतिका मगदूम आली,
नवी प्रणाली बसवायला. जुनं सगळं काढणार म्हणाली.
काढ म्हटलं.
दुपारी तिनं हाक मारली,
‘काका, हा दस्तगीर कोण?’

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.
घाई करू नकोस म्हटलं.
झाकण आत्ताच निघालंय,
जरा वारं जाऊ दे आत.

ती पडद्याकडं बघत राहिली.
बाहेर सौदा चालू होता,
रुमालाखाली बोटं बोटांना भाव सांगत होती,
आणि माझ्या नखांत
इतक्या वर्षांनंतरही थोडं पिवळं होतं.