ते तास

पहिल्या भेटीत मी पट्टी पुढे धरली.
शून्य ते दहा. वर सहा चेहरे,
या टोकाला हसणारा, त्या टोकाला रडणारा.
पंचफुलाबाई गेडाम, वय अंदाजे बावन्न.
दुखण्याचा कालावधी :
"धाकटा पोटात होता तवापासून."
धाकटा आता ट्रॅक्टर चालवतो.
मी एकवीस वर्षं लिहिलं.

तिनं चेहरे नीट न्याहाळले.
"हे पोट्टं काहून रडून राह्यलं?
रडनं त पहिल्या साली होते."
मी दहाचा अर्थ सांगितला :
कल्पना करता येईल असं सर्वांत वाईट दुखणं.
"कल्पना कायले करा लागते," ती म्हणाली
आणि सुपातले खडे वेचत राहिली.
मग सातावर बोट ठेवलं.
मला बरं वाटावं म्हणून, असं आज वाटतं.

छापील यादीत शब्द होते :
जळजळ, टोचणं, बधिरपणा, इतर.
ठणक, सणक, रग, कढ
मी ‘इतर’च्या चार सेंटिमीटरमध्ये
तिरकं लिहीत गेले.
पहाटे जे व्हायचं त्याला तिनं नाव ठेवलं नव्हतं.
"ते येते," एवढंच.

मग माणसाची आकृती, समोरून आणि मागून.
"हिले लुगडं नाई?" म्हणत तिनं आधी कागद झाकला,
नंतर कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत
पेन्सिलीनं रेघ ओढली, न थांबता.

शेजारच्या कवडूभाऊचा कागद अजून माझ्याकडे आहे.
जिनिंगमध्ये दोन बोटं गेली त्याची.
त्यानं आकृतीच्या बाहेर, कोऱ्या जागेवर,
बोटं असायला हवी होती तिथं रंगवलं.
संगणकानं ते घेतलं नाही.
आकृतीच्या आत निवडा, म्हणाला.

पुढचा प्रश्न :
न थांबता किती वेळ काम करता येतं?
"दोन तासांत बसाच लागते."
मी लिहिलं, २ तास.
त्या आठवड्यात तीन गावं, एकेचाळीस बायका.
दोन तास, तीन तास, दीड तास.
सर म्हणाले, आकडे चांगले आहेत.
वाटलं होतं त्यापेक्षा बरेच चांगले.

डिसेंबरात तिच्यामागं शेतात गेले.
ओटीत कापूस भरत ती एका ओळीनं धुऱ्यापर्यंत,
वळली, दुसऱ्या ओळीनं परत,
आणि मातीतच बसली, एक पाय लांब करून.
माझ्या घड्याळात पस्तीस मिनिटं,
मध्ये उभं राहून कंबर दाबली ती धरून.
"झाले ना दोन तासं," ती म्हणाली.

तो तास नव्हे. ते तास.
नांगरानं पाडायचं, पावलांनी मोजायचं.
माझ्या आजोळीही होता हा शब्द.
शाळेच्या घंटेखाली कधी गेला, कळलं नाही.

एकेचाळीस घरं पुन्हा फिरले.
बऱ्याच जणी हसल्या.
एकीनं विचारलं,
"मंग इतके दिवस आमी धडधाकट होतो का
तुमच्या कागदात?"
मी पाणी मागितलं.

व्यायाम शिकवले. चटईवर पडून गुडघे छातीशी,
सात-आठ श्वास, दाराला कडी लावून,
कारण सासरा ओसरीत.
रात्रीची एक गोळी. ती कधी घ्यायची, कधी नाही.
नवा रकाना आखला, हातानं, पट्टीच्या खाली.

पुढच्या हंगामात तिचं बोट
पुन्हा सातावरच.
फरक शून्य, असं मशीन सांगणार.
"सात त सातच हाय बाई, ते काई जात नाई."
गाठोडं खाली ठेवलं तिनं.
"पन आता पाच तासांनी बसतो.
सहावं बी झालं असतं,
तवर चाय आली."

मी लिहिलं, ५ तासं.
संध्याकाळी टंकलेखन करणाऱ्या मुलाला फोन केला :
तो वरचा अनुस्वार चूक समजून
खोडू नकोस.