खोली नंबर ९१४

कुपवाडच्या कारखान्यानं नवं मशीन शिकायला
मला नागोयाला धाडलं.
शालननं फोनवर विचारलं, राहायला कसंय?
म्हटलं, बॅग उघडायची तर
आधी पलंगावर चढायचं.
न्हाणी म्हणजे एकसंध प्लॅस्टिकचं घंगाळ,
आरसा वाफेतही मधोमध कोरडा,
संडासची बैठक कोमट,
जसं कुणी आत्ताच उठून गेलंय.
खाचेत कार्ड घातल्याशिवाय उजेड नाही.

एक सांगितलं नाही.
आमच्या दोन खोल्यांत सहा जण;
चाळीस वर्षांत खोलीत एकटा
मी कधी झोपलोच नव्हतो.
पहिल्या रात्री नळ जरासा सोडून ठेवला,
कुणीतरी जागं आहे असं वाटावं म्हणून.

सकाळी खाली भात, तार सुटलेलं सोयाबीन,
आणि एकेकटे पुरुष
भिंतीकडे तोंड करून जेवणारे.
मी भडंगाची पुडी फोडली.
शेजारच्याला मूठभर दिलं.
तो उठला, कमरेत वाकला,
मग डोळ्यांत पाणी येईतो खात राहिला.

येताना कागदी सपाता आणल्या,
त्या दुसऱ्याच दिवशी मोरीत भिजल्या.
अजून रात्री दाराजवळची भिंत चाचपतो.
अंधारातनं शालन विचारते,
काय हुडकताय?