फक्की

तेलगव्हाणच्या गायरानात
शाळेची फक्की मी मारली, मुनाफ मिस्त्रीनं.
सूत ताणलं, गुण्या लावला.
दोन खोल्या, वऱ्हांडा, एक पायरी.
नारळ फुटला, पेढे वाटले,
सायेब म्हणले, उद्यापासून खोदू.

तो उद्या
माझी तरन्नुम पहिलीत होती तेव्हाचा.

उद्याला सायेबांची बदली झाली.
नवे आले, त्यांनी सब्बल मारून पाहिली.
म्हणले, खाली तर काळी माती,
उन्हाळ्यात फाटती, पाण्यानं फुगती,
आणि अंदाजपत्रकात मुरूम लिहिलाय.
आता कागदावरचा मुरूम खाली उतरवायचा
का खालची माती कागदावर चढवायची
हे परभणीला ठरेल.

परभणीला ठरायला साल गेलं.
ठरलं तवर सिमेंटचे दर बदलले.
नवे दर लिहून फाईल फिरून आली
तर मार्च उलटलेला.
गुत्तेदार एकदा येऊन
वाळूची ट्रॉली टाकून गेला,
दिवाळीला तीच ट्रॉली भरून घेऊन गेला.

शाळा सोसायटीच्या गोदामात भरायची.
जूनला गोदामात युरिया येतो
आणि शाळाही जूनलाच उघडती.
गोण्यांना छप्पर पाहिजे, भिजून चालत नाही.
मग वाकळे गुरुजी लिंबाखाली हजेरी घ्यायचे,
सावली सरकंल तसं लेकरांना सरकवत,
दुपारपर्यंत पहिलीचा वर्ग
चौथीच्या जागेवर जायचा.
पोळ्यानंतर परत गोदामात,
तिथं वासानं डोळे चुरचुरायचे.
शुद्धलेखन लिहितानाही
पोरं रडल्यासारखी दिसायची.

दरसाल कुणीतरी पाहणीला यायचं.
सरपंचबाईंचा निरोप यायचा,
मिस्त्री, रेघा दिसंनात.
मी अर्धं पोतं चुना घेऊन जायचो,
शेळ्यांनी पुसलेल्या भिंती पुन्हा उभ्या करायचो,
म्हणजे आडव्याच.
पैसे मागितले नाहीत.
एकदा मागितले,
तर त्याचंबी अंदाजपत्रक द्या म्हणले.

एक सांगतो, खोटं वाटंल.
मधल्या सुट्टीत लेकरं तिकडं खेळायला जायची,
पण रेघ कुणी ओलांडत नव्हतं.
मी जिथं दाराला जागा सोडली होती
तिथूनच आत, चपला बाहेर.
सुदाम गिरामचं बारकं एकदा
भिंतीतून पळत आलं,
तरन्नुमनं त्याचा कान धरून
परत बाहेर नेलं, दारातून आणलं.
मला म्हणली, अब्बा, खिडकी राहिली.
मी चुन्यानं दोन ठिपके दिले.
काय दिसतं गं खिडकीतून?
म्हणली, गोदाम.

पट एक्केचाळीस होता.
मग पिंपळाच्या पारापाशी
इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली.
ज्यांना जमलं त्यांनी पोरं चढवली.
ज्यांना जमलं नाही त्यांनीबी,
एकाआड एक पोरगं.
सव्वीस झाला. मग चौदा.
औंदा पत्र आलं,
पट कमी, सबब इमारतीची आवश्यकता नाही,
प्रस्ताव निकाली.
वाकळे गुरुजींनी ते दोनदा वाचलं,
उलटं केलं,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
चौदा नावं लिहिली,
हजेरीची वही संपली होती म्हणून.

तरन्नुम आता सहावीला, जिंतूरला जाती, एस्टीनं.
तिच्या शाळेला खऱ्या खिडक्या आहेत,
ती कधी सांगत नाही
त्यातून काय दिसतं.

परवा खुंट्या काढायला गेलो.
म्हणलं, लाकूड चांगलं आहे, कामाला येईल.
गायरानात गुडघाभर गवत,
पण पाच सालाचा चुना मुरलाय,
रेघांवर काही उगवलं नाही.
दोन खोल्या, वऱ्हांडा, पायरी,
उघड्या मातीत जशाच्या तशा.
दाराच्या जागेला मी चुना कधी टाकलाच नव्हता.
तिथंबी गवत नाही.

तीन खुंट्या निघाल्या.
चौथीला कुणाची तरी शेळी बांधलेली होती.